काजआक्काने शिवलेला चेंडू

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात खिडकी एकच होती. तसे भिंतीत वरच्या बाजूला दोन झरोके होते, पण जिच्यातून सकाळपासून दुपार कलेपर्यंत पांढराशुभ्र उजेड थेट टेबलावर पडतो, अशी खिडकी एकच. बाकी हॉलभर नळीचे दिवे, आणि त्यातला एक तरी सदा डोळे मिचकावत असायचा. खिडकीत कापणाऱ्यांनी बसायचं की शिवणाऱ्यांनी, यावरून पूर्वी इतकी तोंडातोंडी व्हायची की मालकीणबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मागच्या अंगणात जा आणि क्रिकेट खेळा. जिंकेल त्याने वर्षभर खिडकीत बसावं. माझं डोकं खाऊ नका!" बाई रागाच्या भरात बोलून गेल्या, पण कारखान्याने ते अक्षरशः मनावर घेतलं. तेव्हापासून वर्षातून एकदा कापणारे विरुद्ध शिवणारे असा सामना व्हायला लागला, आणि दर वेळी कापणारे जिंकायला लागले.

कापणाऱ्यांचं सगळंच मोठं. टेबल मोठं, कात्री मोठी, आणि आवाज तर विचारूच नका. त्यांचा म्होरक्या कटिंग मास्तर. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि नाकावर माशी बसू द्यायचा नाही. सामना जिंकला की पुढचे आठ दिवस तो खिडकीत उभा राहून उगाचच बाहेर बघायचा, शिवणाऱ्यांना दिसावं म्हणून.

काजआक्का शिवणाऱ्यांतली. बटण जिच्यातून जातं त्या फटीच्या कडेने हाताने टाके घालायचे, हे तिचं काम. हे काम ती इतकी वर्षं करत होती की तिचं खरं नाव पगाराच्या पाकिटाशिवाय कुठे उरलंच नव्हतं. क्रिकेटशी तिचा संबंध एवढाच, की रिवाजाप्रमाणे खेळायची पट्टी आखायची कापणाऱ्यांनी आणि चेंडू शिवायचा शिवणाऱ्यांनी. खऱ्या चेंडूने काचा फुटतील म्हणून चेंडू कापडाचा. आत कोटाच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या, वरून जाड लोकरीचं आवरण. तो चेंडू आक्का शिवायची, इस्त्रीकाकांच्या हातात द्यायची आणि सामन्याच्या दिवशी पायरीवर पाठ करून बसायची.

"एवढाली घोड्यासारखी माणसं," ती म्हणायची, "इकडून तिकडे धावतात आणि परत होती तिथेच येतात. मग गेली कशाला होती?"

या वर्षी मात्र दोन गोष्टी झाल्या. एक सगळ्यांना माहीत होती. कॉलर बसवणारा नोकरी सोडून गेला आणि शिवणाऱ्यांत एक गडी कमी पडला. बाहेरचा माणूस घ्यायचा नाही, हा नियम.

दुसरी गोष्ट आक्काने कोणालाच सांगितली नव्हती. काळ्या कोटावर काळा दोरा तिला दिसेनासा झाला होता. डॉक्टरांनी चष्मा बदलून दिला आणि म्हणाले, "यापुढे चष्म्यापेक्षा उजेडाची गरज जास्त." खिडकीपाशी उभं राहिलं की टाका अन् टाका दिसे, पण आपल्या जागेवर नळीच्या दिव्याखाली बसली की समोर नुसता काळोख. मग ती बोटांनी चाचपून काम ओढायची. गेल्या महिन्यात एक काज तिरकं गेलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना तिने ते गुपचूप उसवून पुन्हा केलं. मालकीणबाईंना कळलं असतं तर त्यांनी तिला घड्यांच्या टेबलावर बसवलं असतं. तिथे कोटाला टाचण्या लावायच्या, मध्ये कागद घालायचा आणि खोक्यात भरायचं. उरलेलं आयुष्य खोकी भरण्यात घालवायचं या विचाराने आक्काला रडू यायचं. तिला खिडकी हवी होती, बस्स.

शिलाई मशीनवर बसणारी तिची भाची, म्हणजे शिवणाऱ्यांची कॅप्टन, चाचरत म्हणाली, "मावशी, या वेळी तुला खेळावं लागेल गं," तेव्हा सगळ्यांना वाटलं आता आक्का हिची खरडपट्टी काढणार. आक्काने चष्मा पुसला आणि म्हणाली, "शिकव."

भाची आक्काच्याच इमारतीत राहायची, तिथल्या गच्चीवर शिकवणी सुरू झाली. भाचीचा हात बोलिंगला तिखट, पण शिकवायला बसली की दोन मिनिटांत तिचा पारा चढायचा. आणि आक्काचे प्रश्न काही संपायचे नाहीत.

"आऊट झालं म्हणजे काय चूक केली?"

"चूक नाही, मावशी. आऊट."

"चूक केली नाही तर जायचं कशाला?"

"बरं, ते सोड. हे बघ, चेंडू पायाला लागला, आणि पाय नसता तर तो स्टंपला लागला असता, तर आऊट."

"लागला असता? म्हणजे लागला नाही ना?"

"नाही. पण अंपायरला वाटलं की लागला असता."

"अंपायर म्हणजे आपले इस्त्रीकाकाच ना? त्यांना वाटलं म्हणून मी घरी जायचं? त्यांना तर इस्त्री लाल झाली तरी वाटतं की अजून तापली नाही!"

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. धावण्याच्या बाबतीत तर आणखीच तमाशा. आक्का पदर खोचून सुसाट यायची आणि खडूच्या रेघेपाशी येऊन गपकन थांबायची.

"रेघेपलीकडे जा ना!" भाची ओरडली.

"खडूची रेघ आहे ती. तिच्यावर पाय कसा देऊ? पुसली म्हणजे?"

"पुसू दे!"

"तुला कोणी शिकवलं शिवण?" आक्का उलट तिच्यावरच डाफरली. जन्मभर खडूच्या रेघेला जपलेली बाई ती, एकदम कशी तुडवणार? शेवटी दोघींनी तडजोड केली. रेघ आली की आक्काने बारीकशी उडी मारून पलीकडे जायचं. ते दिसायचं विचित्र, पण रन मोजली जायची.

हळूहळू मात्र तिला गोडी लागली. समोरचा आपल्याला फसवायला बघतो आणि आपण फसायचं नाही, एवढाच या खेळाचा जीव आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि मग तिला वाटलं की हे तर आपल्याला चांगलंच जमण्यासारखं आहे. एका संध्याकाळी भाची सांगत होती, "मोठे बोलर काय करतात, चेंडूची एक बाजू कपड्यावर घासून गुळगुळीत करतात. मग तो हवेत वळतो. बॅटवाल्याला वाटतं सरळ येतोय, आणि तो जातो भलतीकडेच."

"आणि लोक बोंब मारत नाहीत?"

"बोंब कसली? टाळ्या वाजवतात."

"अगं बाई!" आक्का म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

बायकांच्या लांब कोटाचा घेर नीट पडावा म्हणून त्याच्या खालच्या शिवणीत शिशाच्या चपट्या टिकल्या घालतात. आक्काने त्यातल्या दोन टिकल्या घेतल्या, एकावर एक ठेवून दोऱ्याने करकचून बांधल्या आणि त्या वर्षीच्या चेंडूच्या बरोब्बर एका कुशीला बसवल्या. कुठल्या बाजूला बसवल्या ते आपल्याला ओळखता यावं म्हणून तिथे वरून एक जाडशी गाठ मारली. घरात भिंतीवर टाकून बघितला. चेंडू सरळ निघाला, मध्येच काहीतरी आठवल्यासारखा थबकला आणि कोपऱ्यात गेला. आक्का एकटीच तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या दिवशी तिने तो चेंडू इस्त्रीकाकांना नेऊन दिला. इस्त्रीकाका ना कापणाऱ्यांतले ना शिवणाऱ्यांतले, म्हणून अंपायर तेच, आणि सामन्यापर्यंत चेंडूही त्यांच्याच कपाटात कुलपात. मागे एकदा कापणाऱ्यांनी चेंडू रात्रभर बादलीत बुडवून ठेवला होता, तेव्हापासूनची ही व्यवस्था.

सामन्याला थोडे दिवस उरले असताना आक्काने सहज विचारलं, "ते खेळतील तेव्हा हा चेंडू, मग आपण खेळू तेव्हा त्यांचा चेंडू, असंच ना?"

"त्यांचा कुठला? एकच चेंडू असतो, मावशी. दोन्ही बाजूंना तोच."

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं.

चेंडू तर कुलपात. इस्त्रीकाकांकडे मागावा तर का म्हणून विचारणार. भाचीला सांगावं तर ती आधी बोंबलणार आणि मग कापणाऱ्यांनाही कळणार. आक्काने विचार केला, खूप केला, आणि अगदी तसाच दुसरा चेंडू शिवला. तेवढ्याच टिकल्या, त्याच कुशीला, तशीच गाठ. रोज कामावरून आली की गच्चीवर एकटी जायची, तो चेंडू पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आपटायची आणि परत येईल तसा बॅटने मारायची. गाठ जिकडे, चेंडू तिकडे कलतो. वर असेल तर असा, खाली असेल तर तसा. चेंडूच्या खोडी तिला पाठ झाल्या.

सामन्याच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मालकीणबाई खुर्ची टाकून बसल्या. कापणाऱ्यांनी आधी बॅट घेतली, आणि पहिल्याच ओव्हरपासून त्यांचे हाल सुरू झाले. भाचीने टाकलेला चेंडू येता येता असा काही बाजूला व्हायचा की कापणारे हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घ्यायचे. मास्तर मोठ्या ऐटीत आला, पाय रोवून उभा राहिला, आणि दुसऱ्याच चेंडूला त्याचा मधला स्टंप आडवा. तो आधी बॅटकडे बघत राहिला, मग पट्टीकडे, मग ढगांकडे. सगळे मिळून कशाबशा एकवीस रन झाल्या.

शिवणारे नाचायला लागले. भाचीला वाटलं, आपल्या हातात आज काहीतरी उतरलंय. आक्का तेवढी नाचत नव्हती. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं.

आणि झालंही तसंच. बॅट शिवणाऱ्यांच्या हातात आली आणि तोच चेंडू त्यांच्या जिवावर उठला. खिसे लावणारा गेला, अस्तरवाली गेली, बटणवाला तर स्वतःच स्टंपवर बसला. भाची थोडी टिकली, मग तीही गेली. लालबुंद होऊन आली आणि बॅट आपटून म्हणाली, "त्या बॉलला काहीतरी झालंय!"

"ऊन लागलं असेल," आक्का म्हणाली आणि बॅट घेऊन निघाली.

शेवटची जोडी. पलीकडे बाह्या जोडणारा, अलीकडे काजआक्का, आणि अजून निम्म्या रन बाकी. कापणारे हसायलाच लागले. मास्तरने चेंडू हातात घेतला. उन्हात आक्काला त्याच्या बोटांमधली ती गाठ स्वच्छ दिसली. चेंडू आला, कलला, आणि जिथे कलला तिथे बॅट आधीच हजर! दोन रन. आक्का रेघेपाशी यायची, टुणकन उडी मारायची, परत फिरायची. पुढचा आला, तोही तिने ओळखला. कापणाऱ्यांचं हसू थांबलं. शिवणारे उभे राहिले. मालकीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. असं करत करत गोष्ट शेवटच्या चेंडूवर आली, आणि जिंकायला दोन रन हव्या होत्या.

मास्तरने जीव खाऊन चेंडू टाकला. आक्काने गाठ बघितली, डावा पाय टाकला आणि असेल नसेल तेवढी ताकद लावून बॅट हाणली.

टर्रर्र!

शिसं आत घासून घासून टाके झिजले होते. चेंडू मधोमध उसवला. चिंध्यांचं गाठोडं उडालं ते थेट मास्तरच्या ओंजळीत, आणि दुसरं काहीतरी बारीक, काळं, सूं सूं करत भिंतीवरून पलीकडे गेलं. शेजारच्या टाकीच्या पत्र्यावर "टण्ण" असा आवाज झाला.

"आऊट!" मास्तर ओरडला. "कॅच!"

"ते पलीकडे काय गेलं?" इस्त्रीकाकांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आक्का बॅट धरून उभी. गप्प राहिली तर कॅच धरला जाणार, सामना गेला, खिडकी गेली. बोलली तर चोरी पकडली जाणार.

"ते चेंडूचं पोट होतं," ती म्हणाली. "म्हणजे खरा चेंडू भिंतीपलीकडे गेला. मास्तरने धरलंय ते नुसतं साल आहे. सहा रन द्या."

"पोट होतं हे तुला काय माहीत?"

"मीच घातलं होतं. शिशाच्या टिकल्या."

मग जो गलका झाला! कापणारे बोंबलायला लागले, शिवणारे त्यांच्या वरताण. भाची कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे मी तुझ्यामुळे आऊट झाले?" मास्तर हातातल्या चिंध्या नाचवत होता, "फसवणूक! सरळ सरळ फसवणूक!"

"बादलीत चेंडू कोणी भिजवला होता?" आक्काने विचारलं, तसा तो जरा वरमला.

"पण का केलंस हे?" मालकीणबाई उठून आल्या. "तू कधी खेळाकडे बघायचीही नाहीस."

आक्काला एखादी थाप मारायची होती, पण ऐन वेळी एकही सुचली नाही. "मला खिडकी पाहिजे होती," ती म्हणाली. "काळ्यावर काळं दिसत नाही मला आता. दिव्याखाली अजिबात नाही. चाचपून करते. मला घड्यांच्या टेबलावर जायचं नव्हतं." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला आणि तिला स्वतःचाच राग आला.

मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मला भेट." एवढंच बोलून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

इस्त्रीकाकांनी घसा साफ केला. "या चेंडूने दोन्ही बाजूंना सारखंच छळलंय. म्हणून झाल्या तेवढ्या रन राहतील. शेवटचा बॉल पुन्हा टाकायचा, नव्या चेंडूने. आणि हिने तो इथेच माझ्यासमोर शिवायचा."

सुई-दोरा आला, चिंध्या आल्या. हाताशी होतं ते काळं कापड आणि काळा दोरा. आक्का पायरीवर उन्हात बसली. मास्तर तिच्या पुढ्यात उकिडवा बसला, पुन्हा काही खुपसते की काय ते बघायला. तिने पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला आणि बघता बघता चेंडूवर टाक्यांची रांग धावायला लागली, एकसारखी, बारीक, कुठे तसूभर फरक नाही. मास्तर बघत राहिला. एकदा त्याने मान वळवून हॉलच्या दाराकडे पाहिलं. आत तो नळीचा दिवा डोळे मिचकावत होता.

नवा चेंडू घेऊन मास्तर धावत आला. आक्काने इतके दिवस एकाच चेंडूशी झुंज घेतली होती. तिचा पाय आपोआप डावीकडे पडला, बॅट कललेल्या चेंडूची वाट बघत बाजूला गेली, आणि चेंडू आपला शहाण्या बाळासारखा सरळ आला नि स्टंप घेऊन गेला.

"सरळ गेला!" आक्का इस्त्रीकाकांवर खेकसली. "हा सरळ कसा गेला?"

कापणारे जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मालकीणबाईंपुढे उभी राहिली. रात्रभर तिला धड झोप लागली नव्हती. बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "तुझ्या हाताची मला किंमत आहे गं," त्या म्हणाल्या, "पण गिऱ्हाइकाच्या कोटावर चाचपून काज नको. घड्यांच्या टेबलावर बस. पगार आहे तोच राहील."

आक्काने मान हलवली. ती वळली, तर दारात मास्तर उभा.

"बाई, एक विचारायचं होतं. खिडकी आमचीच ना?"

"तुमचीच."

"तिथे कोण बसणार ते आम्हीच ठरवायचं?"

"हो. मग?"

"मग ही बसणार."

"ती शिवणाऱ्यांतली आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"कोण म्हणतं? काज आधी कापावं लागतं, बाई, मग शिवतात. म्हणजे ती मुळात आमचीच." मास्तरने कानामागचा खडू काढून पुन्हा तिथेच लावला. "आणि खरं सांगू का, असली बाई पुढच्या वर्षी समोरच्या बाजूला राहिली तर आमचं काही खरं नाही. ती आमच्याकडून खेळेल. चेंडूही तीच शिवेल."

मालकीणबाई हसल्या. आक्काला वाटलं, आता या माणसाच्या पाया पडावं की त्याला बॅटने मारावं? तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. आपला दोऱ्याचा डबा उचलला, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या देखत चालत गेली आणि खिडकीतल्या मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. समोर काळा कोट पसरला. उजेड त्याच्यावर पडला होता, आणि कापडाचा एकेक धागा वेगळा दिसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने बाहीने पुसलं, कारण कोटावर डाग पडला असता.

"मावशी!" दिव्याखालून भाची किंचाळली. "तू त्यांच्यात? फितूर! सख्ख्या भाचीला सोडून? फितूर आहेस तू!"

आक्काने सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता पहिला टाका घातला.

"फितूर तर फितूर," ती म्हणाली. "दिसतंय मला."